मागचा डबा

१

दर रविवारी सकाळी आठच्या ठोक्याला अरविंदची स्कूटर चामराजपेटेतल्या त्या अरुंद गल्लीत येऊन दोनदा हॉर्न द्यायची, आणि त्रिविक्रमराव इस्त्रीचा शर्ट घालून तयारच असायचे. रेल्वेतून रिटायर होऊन त्यांना सहा महिने झाले होते. रिटायर झालेल्या माणसाची घरात अडगळ होते, आणि यांची तर नोकरीतली शेवटची चोवीस वर्षं पार्सल ऑफिसात पोत्यांवर चिठ्ठ्या चिकटवण्यात गेलेली. अशा माणसाला कुणी "मामा, तुम्ही स्टेशनमास्तर होता ना?" म्हणून विचारलं की तो विरघळणारच.

विचारणारा अरविंद साताऱ्याचा, इथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्याला बंद पडलेल्या रेल्वेचं वेड होतं. बेंगळूरहून आग्नेयेकडे एक अडीच फुटी छोटी लाइन जायची, ती बहात्तर साली बंद झाली. तिचं आता काय काय उरलंय याची तो वहीत यादी करत होता. कारखान्यातल्या टेलिफोन ऑपरेटर सौम्याशी त्याचं लग्न ठरत आलं होतं. सौम्या त्रिविक्रमरावांची भाची, त्यांच्याच घरात वाढलेली. होणाऱ्या बायकोचा मामा नेमका त्याच लाइनीवरचा मास्तर निघाला, तेव्हा अरविंदला लग्नापेक्षा त्याचाच आनंद जास्त झाला असं सौम्या सगळ्यांना चिडवून सांगायची.

आणि उरलं होतं बरंच. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या कंपाउंडपलीकडे एका मळ्याच्या कुंपणाला खांब म्हणून जुने रूळ उभे होते. एका गावात तिकिटाच्या खिडकीतून आता साबण आणि काडेपेट्या विकायला होत्या. मैलाच्या दगडावर बाया कपडे आपटत होत्या. त्रिविक्रमराव बोट दाखवायचे, अरविंद "सुपर्ब, मामा" म्हणून फोटो काढायचा. म्हाताऱ्याची छाती दोन इंच फुगायची.

फक्त बागूर ते होन्नकट्टे हा चार मैलांचा तुकडा त्यांनी दोन महिने टाळला होता. होन्नकट्टे म्हणजे त्यांचं स्वतःचं स्टेशन, आणि बागूर बेंगळूरकडे येताना त्याच्या आधीचं. आज पाऊस येईल, तो रस्ता वाईट आहे, तिकडं काही नाही रे, असं प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. शेवटी एका रविवारी अरविंदनं न विचारताच स्कूटर तिकडे वळवली. चालत्या स्कूटरवर मागे बसलेला माणूस काय करणार?

२

दुपारचे साडेतीन वाजून गेले होते. बागूर सोडल्यावर मातीचा रस्ता जुन्या लाइनीला जिथे छेदत होता, तिथे पूर्वी फाटक होतं. आता ना फाटक, ना रूळ. एक उंचवटा आणि फाटकवाल्याची दगडी खोली, एवढंच शिल्लक होतं.

त्या उंचवट्यापाशी सगळे थांबले होते. एक विटांचा टेंपो, दोन सायकलवाले, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई. पलीकडच्या बाजूला बैलगाडी. अरविंदनं हॉर्न दिला, पण कुणी वळूनही पाहिलं नाही.

"ॲक्सिडेंट वगैरे झालाय का?" अरविंद पुटपुटला.

तेवढ्यात त्या सगळ्यांच्या माना डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरल्या, समोरून काहीतरी जात असल्यासारख्या. समोर उन्हाशिवाय काहीच नव्हतं. माना उजवीकडे जाऊन पोचल्या आणि मग पुन्हा डावीकडे वळून तशाच राहिल्या. बैलसुद्धा तिकडेच बघत होता.

दोन-तीन मिनिटं गेली. टेंपोवाल्यानं जांभई दिली, गिअर टाकला, आणि सगळे आपापल्या वाटेनं निघाले.

दगडी खोलीत आता चहाचं दुकान होतं. मालक मल्लाप्पा हा त्या वेळच्या फाटकवाल्याचा मुलगा, पन्नाशीचा. त्रिविक्रमरावांना त्यानं ओळखलं नाही, आणि त्यांनीही ओळख दिली नाही. अरविंदच्या सांगण्यावरून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं की लोक कशासाठी थांबतात.

"गाडीसाठी, स्वामी," मल्लाप्पा ग्लास विसळत म्हणाला.

"गाडी बंद होऊन किती वर्षं झाली."

"ते झालंच की. पुढचं जातं, मग मागचं यायचं असतं. स्वल्प वाट बघतात, नाही आलं तर जातात."

"मागचं म्हणजे काय?"

"ते मला काय ठाऊक? पहिल्यापासून असंच आहे. साखर कमी का?"

अरविंदला हे फारच आवडलं. लोकांच्या अंगात सवय कशी भिनते, गाडी गेली तरी वेळ राहते, असं काहीतरी तो भरभरून बोलत होता. माना फिरल्या तेव्हा त्रिविक्रमरावांनी सवयीनं घड्याळ पाहिलं होतं. तीन अडतीस. शेवटच्या दिवशी ती गाडी तीन बेचाळीसला होन्नकट्टेत शिरली होती आणि फाटकापासून होन्नकट्टे चार मिनिटांवर होतं. त्यांच्या हातातला चहा शर्टावर सांडला. इस्त्रीचा शर्ट खराब झाला म्हणून ते अरविंदवरच डाफरले.

३

घरी येऊन त्यांनी स्वतःची नीट समजूत घातली. खेड्यातली माणसं. एकाचं बघून दुसरा थांबतो, दुसऱ्याचं बघून तिसरा. बैल तर दोरी ओढली की थांबतोच. ही समजूत रात्रीच्या जेवणापर्यंत टिकली.

जेवताना सौम्यानं पत्रिकेचा विषय काढला. अरविंदची आई विद्याताई पुढच्या आठवड्यात साताऱ्याहून येणार होत्या. त्या आल्या की पत्रिका छापायला टाकायची होती.

"मामा, आईच्या नावाआधी काय लिहायचं?" सौम्यानं विचारलं.

"कै. लिहू. त्यांना तसंच सांगितलंय की."

"तुम्ही सांगितलंय. मी नाही." ती भाताचे गोळे मोडत राहिली. एकोणतीस वर्षांची मुलगी, पण हे बोलताना तिचा आवाज पाच वर्षांच्या पोरीसारखा व्हायचा. "जिवंत असेल तर कै. कसं लिहायचं? आज्जी म्हणायची ना, कुणाबरोबर तरी गेली म्हणून. असू दे. कुठंतरी सुखात असेल, माझी आठवणही नसेल. पण मेली म्हणून छापायला नको, मामा."

त्रिविक्रमरावांनी हातातला घास परत ताटात ठेवला. सौम्याची आई मथुराअक्का कुणाबरोबरही पळून गेली नव्हती, हे जगात फक्त त्यांना माहीत होतं. कुठे गेली, हे मात्र त्यांनाही माहीत नव्हतं.

लाइन बंद व्हायच्या दिवशी थोरली बहीण त्यांच्याबरोबर होन्नकट्टेला आली होती. सकाळच्या गाडीनं ती वर बागूरपर्यंत फिरायला गेली आणि दुपारी शेवटच्या गाडीनं परतणार होती. बागूरच्या मास्तरनं तारेवरून कळवलं की चार डबे सोडतोय. त्रिविक्रमनं "चार" असं बोलून रजिस्टरात लिहून घेतलं. गाडी आली की मास्तरनं करायचं एकच महत्त्वाचं काम असतं. शेवटच्या डब्यामागची पाटी डोळ्यांनी बघायची. ती दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मध्ये काही सुटलं नाही. मगच रजिस्टरात 'पूर्ण आली' अशी नोंद करायची.

त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर मोठे साहेब होते, हार होते, फोटोग्राफर होता. गार्डसुद्धा फोटोत यायचं म्हणून मागची जागा सोडून बागूरलाच पुढच्या डब्यात येऊन बसला होता. इंजिन दिसताच त्रिविक्रमनं आत जाऊन 'तीन बेचाळीस, पूर्ण आली' असं लिहून टाकलं, आणि हार घेऊन पळाला. पाटी बघितली नाही. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

संध्याकाळी अक्का घरी नव्हती. गार्ड म्हणाला, गाडी तीनच डब्यांची होती. बेंगळूरच्या यार्डातही तीनच मोजले गेले. सगळंच भंगारात जाणार होतं, चौथ्याची चौकशी कोण करतो? दुसऱ्या दिवशी पहाटे त्रिविक्रम ते चार मैल चालून आला. मधल्या ओढ्यापाशी लाइन खोलगट होती, सुटलेला डबा घरंगळत तिथंच येऊन थांबायला हवा. तिथं काही नव्हतं. मग त्यालाही वाटू लागलं की तीनच असतील. बागूरचा मास्तर म्हातारा होता, चुकला असेल. तोंड उघडलं असतं तर चौकशी लागली असती, नोकरी गेली असती. तेवढ्यात आईनंच हंबरडा फोडला की कार्टीनं नाक कापलं, गेली कुणाचा तरी हात धरून. आणि त्रिविक्रमनं, या एकुलत्या एका भावानं, आईला ते म्हणू दिलं.

४

बुधवारी ते घरात बँकेचं काम सांगून बसनं एकटेच होन्नकट्टेला गेले. एकदा काय ते बघून यावं, म्हणजे मनातलं जाईल, असा हिशेब होता.

स्टेशनची इमारत उभी होती. कुणीतरी तिथं रेशमाच्या कोशांचं गोदाम केलं होतं. राखणदार शिवाप्पा बाहेर कट्ट्यावर बसला होता. "मी इथं काम करत होतो," म्हटल्यावर त्यानं दार उघडून दिलं आणि पुन्हा विडी ओढत बसला.

आत कोशांचा कुबट वास कोंडला होता. जिथं त्यांचं टेबल असायचं तिथं आता पोती होती. खिडकीतून प्लॅटफॉर्मची दगडी कड दिसत होती आणि तिच्यापुढे नाचणीचं शेत. तीन चाळीस झाले. कोशांच्या पोत्यात किडे हलतात तशी बारीक करकर चालू होती. बाकी सामसूम.

मग बागूरच्या बाजूनं आवाज आला. इंजिनाचा नव्हे. छत्तीस वर्षं रेल्वेत काढलेल्या माणसाला तेवढा फरक कळतो. नुसत्या डब्याच्या चाकांचा, रुळांच्या सांध्यावरून जाताना होतो तसा. टक-टक, टक-टक. पुढे ओढणारं काही नाही, आपल्याच वजनानं घरंगळणारा डबा. आवाज जवळ येत गेला, हळू हळू होत गेला, आणि थांबला. मग तसाच उलटा, लांब लांब जायला लागला. ओढ्याच्या उतारावरून खाली आणि पलीकडच्या चढावर. परत इकडे. प्रत्येक वेळी स्टेशनच्या अलीकडेच कुठेतरी त्याचा जोर संपत होता.

त्रिविक्रमरावांनी मनाला बजावलं, दगडाच्या खाणीतल्या ट्रॉल्या असतील. या भागात खाणी आहेत की. पण आवाज थांबायच्या क्षणी आणखी एक आवाज व्हायचा, तो खाणीतला नव्हता. कुणीतरी हळूच घसा खाकरायचं. मथुराअक्काला ती सवय होती. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी ती खाकरायची, म्हणजे आतल्या माणसांना तोंड दुसरीकडे वळवायला वेळ मिळावा.

ते बाहेर आले तेव्हा शिवाप्पानं त्यांच्याकडे बघून बसायला जागा दिली.

"आत काही ऐकू येतं का तुला?" त्यांनी विचारलं.

"मी आत जातच नाही, स्वामी. दार उघडतो, दार लावतो. सरी, ठीक ना?"

बसमध्ये बसल्यावर त्यांच्या डोक्यात एकच विचार रुतून बसला. जो डबा येऊन पोचला अशी नोंद झाली, त्यानं आता यायचं तरी कुठं?

५

विद्याताई शनिवारी आल्या. सरळ, मोकळ्या स्वभावाच्या बाई, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. सौम्याला त्यांनी आल्या आल्या जवळ घेतलं. रविवारी अरविंदनं टॅक्सी ठरवली. आईला ते फाटक दाखवायचंच होतं त्याला. सौम्याही निघाली. त्रिविक्रमरावांनी रात्रीच मनाशी ठरवलं होतं की आज सांगायचं. तिथंच, तिच्यासमोर. लग्न मोडलं तर मोडू दे, पण पोरीनं आईला दोष देत बोहल्यावर उभं राहायला नको.

मल्लाप्पाच्या दुकानासमोर बाकावर बसल्यावर, अरविंद फोटो काढायला गेला तेव्हा त्यांनी सुरुवात केली. पाटी बघितली नाही, नोंद खोटी केली, रिकाम्याच गाडीचा मागचा डबा अक्कासकट वाटेत सुटला, हे सगळं सांगितलं. विद्याताई ऐकत होत्या. सौम्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"म्हणजे ती गेली नव्हती," सौम्या म्हणाली. "ती माझ्याकडेच परत येत होती."

"होय ग."

"पण मामा, गाडी रिकामी होती म्हणता. मग ती एकटी सगळ्यात मागे कशाला बसली?"

हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक होतं. याचंच उत्तर चोवीस वर्षं त्यांनी स्वतःलाही दिलं नव्हतं. अक्काच्या हातांवर, मानेवर, ओठाच्या कडेला कोड होतं. लग्नानंतर आलं आणि नवऱ्यानं तिला लेकीसकट माहेरी आणून सोडलं. पांढरे डाग, एवढंच. ना दुखणं, ना कुणाला लागण. पण त्या दिवशी साहेब येणार, त्यांच्या बायका येणार, आणि मास्तरची बहीण अशी, हे त्याला सोसेना. सकाळी त्यानंच तिला सांगितलं होतं. परतताना मागच्या बायकांच्या डब्यात बस. खिडकीबाहेर तोंड काढू नकोस. सगळे जाईपर्यंत उतरू नकोस. अक्का हसून "बरं बाबा" म्हणाली होती. तिला त्यात नवीन काही नव्हतं.

हे सगळं त्यांच्या जिभेवर आलं. विद्याताई शांतपणे त्यांच्याकडे बघत होत्या. कोड घराण्यात असतं असं लोक समजतात. लोकच का, ते स्वतःही तसंच समजत आले होते.

"काय की," ते म्हणाले. "तिला गर्दी आवडत नव्हती."

६

तेवढ्यात रस्त्यावरचे लोक थांबले. एक ट्रॅक्टर, चार-पाच माणसं, शाळेच्या मैदानावरून परतणारी दोन पोरं. अरविंद कॅमेरा सरसावून उंचवट्याजवळ उभा राहिला. माना डावीकडून उजवीकडे गेल्या. मग पुन्हा डावीकडे वळल्या.

या वेळी कुणी जांभई दिली नाही. टक-टक, टक-टक. सौम्या उठून उभी राहिली. विद्याताईंनी कानावरचा पदर मागे सारला, म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं.

मागचं आलं. अख्खं असं कुणालाच दिसलं नाही. उन्हातून एक जुनाट लाकडी कड सरकत गेली, रंग उडालेली एक पट्टी, मग खिडक्या. एक रिकामी, दुसरी रिकामी. तिसऱ्या खिडकीच्या गजावर एक हात होता. बाईचा, हिरव्या बांगड्या घातलेला, मनगटापासून बोटांपर्यंत पांढऱ्या डागांचा. छत्तिशीतला हात. त्रिविक्रमरावांच्या आजच्या हातापेक्षा कितीतरी तरुण.

डबा अगदी हळू चालला होता. एवढा हळू की हाक मारली असती तर ऐकू गेली असती. "अक्का, उतर," एवढेच दोन शब्द हवे होते. आत कुणीतरी खिडकीकडे वाकलं, इतकी माणसं उभी आहेत हे त्याला दिसलं असावं, आणि तो हात झटकन आत गेला.

"मामा," सौम्या पुढे सरकत म्हणाली, "कोण आहे ती? त्या बाईनं हात आत का घेतला?"

विद्याताईही वळून त्यांच्याकडे बघत होत्या. पाच-सहा अनोळखी गावकरी, एक मल्लाप्पा, एक भावी विहीणबाई. त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर होती त्याच्या निम्मीही गर्दी नव्हती. त्रिविक्रमरावांना लाज वाटली, आणि अजूनही आपल्याला तिचीच लाज वाटते आहे हे कळून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून जे निघायचं तेच निघालं.

"कुणी नाही ग," ते म्हणाले. "कुणी नाही तिथं."

आवाज ओढ्याकडे उतरत गेला. ट्रॅक्टर सुरू झाला, लोक निघाले. अरविंद कॅमेरा हलवून बघत होता, रीळ अडकलं म्हणत होता. सौम्या मात्र त्या रिकाम्या उंचवट्याकडे बघत तशीच उभी होती. मग तिनं मामाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

तिच्या डाव्या मनगटावर घड्याळाचा रुंद पट्टा होता. तो जरा सरकला होता आणि त्याच्या कडेला मसुरीच्या डाळीएवढा एक पांढरा ठिपका दिसत होता. त्रिविक्रमरावांनी तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला. ते बघतायत हे सौम्याच्या लक्षात आलं. तिनं विद्याताईंकडे एक नजर टाकली, पट्टा पुन्हा जागेवर ओढला, हात पदराखाली घेतला आणि टॅक्सीत मागच्या सीटवर जाऊन बसली.